पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर

बोटीत पाणी शिरतंय हे टेलरला जिभेने कळलं. सकाळी चहा टाकायच्या आधी त्याने नेहमीप्रमाणे पायाखालची फळी उचलली, खालच्या खोलगट जागेत बोट बुडवलं आणि चाखलं. पाणी गोडं लागलं असतं तर मोठंसं काही नव्हतं. टाकीची नळी कुठेतरी ठिबकत असेल, नाहीतर वरून पाऊस आला असेल. पण ते खारट होतं, आणि खारट म्हणजे समुद्र. त्याने फडक्याला बोट पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा चाखलं. जिभेने साक्ष बदलली नाही. चहाचं राहूनच गेलं आणि तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिला.

फळ्यांखालच्या त्या जागेला दोघं 'पोट' म्हणायची. बोटीचं पोट रोज सकाळी तपासायचं, आणि नुसतं बघून नाही तर चाखून, हा नियम त्याच्या बायकोचा. असल्या बाबतीत ती डॉक्टरांहून कडक होती. आता ती नव्हती. थंडी सुरू होताना गेली, आणि आता उन्हं तापायला लागली होती, तरी नियम चालूच होता. मोडायचा तर तिची परवानगी लागली असती, आणि ती आता मागणार कुणाकडे?

धक्क्यावर सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. बाप नळदुरुस्तीवाला. इतर मुली बाहुल्या खेळायच्या त्या वयात ही पान्ह्यांच्या पेटीशेजारी बसून नटबोल्टांची लग्नं लावायची. टेलर मात्र खरोखरचाच टेलर. चौकातल्या दुकानात पँटी शिवण्यात त्याचं आयुष्य गेलं. एकदा कुणीतरी फाटलेलं शीड शिवायला आणून टाकलं. एवढं कापड टेबलावर मावेना म्हणून दोघांनी ते दुकानाबाहेर पसरून शिवलं आणि पोचवायलाही दोघंच गोदीत गेली. टेलर वर उभा राहून मालकाला शिवण दाखवत होता. बायको आत उतरली ती बराच वेळ वर येईना. आली तेव्हा गुडघे काळे झालेले आणि डोळे चमकत होते. "अहो, आत नुसते नळच नळ आहेत," ती म्हणाली. दुसरी एखादी बाई सोनंच सोनं आहे असं सांगताना एवढी खूश झाली नसती.

लेकीचं लग्न झालं, सुईत दोरा ओवताना टेलरचे डोळे दमायला लागले, तेव्हा त्यांनी दुकान आणि वरच्या खोल्या विकून एक जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्यातच राहायला गेली. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. उतारवयात माणसं पाय पसरायला जागा शोधतात, आणि यांनी शोधून शोधून अशी जागा घेतली की पाय पसरला तर शेगडीला लागतो! पण दोघांचं तिथे झकास जमलं. जे सुईने होतं ते त्याचं, जे पान्ह्याने होतं ते तिचं. शिडं, गाद्यांच्या खोळी, दोरांची उसवलेली टोकं त्याच्याकडे. पंप, तारा, इंजिन आणि सगळं लाकूडकाम तिच्याकडे. कपडे बादलीत धुवायचे, भांडी खाऱ्या पाण्यात, आणि प्यायच्या पाण्याचे कॅन धक्क्यावरच्या नळावरून आळीपाळीने भरून आणायचे. बोटीवरची कामं काही संपत नाहीत. एका टोकाकडून वॉर्निश करत जावं, तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्याचे पोपडे निघालेले असतात. टेलर कधी कंटाळून म्हणायचा, "राहू दे गं, चालतंय." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "'चालतंय' हा शब्द चपलांबरोबर धक्क्यावर ठेवून यायचा. बोटीवर 'चालतंय' म्हणणारा पोहत घरी जातो."

तिच्या हातचं सगळ्यात देखणं काम म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याखालचं कपाट. प्रत्येक ताटलीला वेगळी खाच, प्रत्येक कपाला वेगळं घर. बोट कितीही डोलली तरी आतून हूं की चूं नाही. भांडी धुवायला समुद्राचं पाणी आत घेणारी नळी आणि ती बंद करायचा कॉक, दोन्ही या कपाटाच्या पाठीमागे होते. तिथे पोचायला तिने पाठच्या फळीला एक गोल भोक ठेवलं होतं, बरोबर स्वतःच्या दंडाच्या मापाचं. गाल फळीला टेकवायचा, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि डोळे मिटून बोटांनी काम करायचं. टेलरने एकदा हौसेने हात घातला तर पंजा अंगठ्याशीच अडकला.

"भोक जरा मोठं ठेवायला काय झालं होतं?" त्याने हात चोळत विचारलं.

"तुम्ही गिऱ्हाइकाची पँट कुणाच्या मापाने शिवायचात? ज्याने घालायची त्याच्याच ना? मग इथे हात मी घालणार, माप माझं."

तिच्या हत्यारांच्या पेटीत बापाकडून आलेला एक बुटका स्क्रूड्रायव्हर होता, पिवळ्या मुठीचा. अडचणीच्या जागी तोच लागायचा. मागच्या वर्षी बोटीची बाहेरची बाजू रंगवायच्या दिवसांत तो हरवला. त्या सकाळी अर्धा डबा रंग शिल्लक असताना तिने टेलरला आणखी रंग आणायला पिटाळलं होतं. हा परत येतो तर ही पेटी उपडी करून बसलेली.

"अहो, पिवळा कुठाय?"

"मला काय माहीत?"

"काल तुम्हीच घेतला होतात, डब्याचं झाकण उघडायला. पाण्यात पाडलात ना? खरं सांगा."

तो आधी नाही म्हणाला. मग बहुतेक नाही म्हणाला. आणि संध्याकाळपर्यंत त्याला आठवायलाही लागलं: डबा, झाकण, हातातून निसटलेली पिवळी मूठ आणि खाली 'टुबुक' असा आवाज. संसार मुरला की असंच होतं. बायकोला जे आठवतं ते नवऱ्याला दिसायला लागतं. त्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी नवा आणून दिला. त्याची मूठ लाल होती, आणि तिने तो नीट न बघताच पेटीत टाकला. सासऱ्याची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ होती आणि ती आपल्या हातून गेली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. तरी हा किस्सा त्याने धक्क्यावर स्वतःच रंगवून सांगितला. तिथला मुकादम, म्हणजे कुठली बोट कुठे बांधायची हे ठरवणारा जाडजूड माणूस, तेव्हापासून भेटेल तेव्हा विचारायचा, "काय टेलर, सासऱ्यांची इस्टेट सापडली का?"

रंग वाळून कितीतरी दिवस झाले आणि मग एका सकाळी तिच्या हातून किटली पडली. उकळतं पाणी सगळीकडे झालं. टेलर फडकं घेऊन धावला. ती किटलीकडे बघत नव्हती, स्वतःच्या हाताकडे बघत होती. आजार नसांचा निघाला, हातांपासून सुरू होऊन वर सरकणारा. डॉक्टरांनी विचारलं, "हे केव्हापासून?" ती म्हणाली, "किटली पडली तेव्हापासून." डॉक्टर म्हणाले, थोडं आधी काहीतरी जाणवलं असणार, आठवून बघा. ती ठाम होती. किटलीच्या आधी काही नाही म्हणजे नाही.

मग सगळं भराभर झालं. हात गेले, मग आवाज, मग श्वास. एवढ्या सगळ्यात टेलरला एकाच गोष्टीचा आधार होता, की कुणालाच काही माहीत नव्हतं. किटली पडेपर्यंत ती ठणठणीत होती, हसत होती, भांडत होती, आणि त्यानंतर कुणी काही करू शकलं नसतं. हे तो मुकादमाला सांगायचा. लेकीला फोनवर सांगायचा, आणि लेकही म्हणायची, "हो बाबा, आईने किटलीपर्यंत मजेत दिवस काढले, हेच खूप." अंथरुणावर पडलं की तो हे स्वतःलाही सांगायचा.

तर पाणी चाखलं त्याच दुपारी मुकादम धक्क्यावर येऊन उभा राहिला. बोटीच्या कुशीतल्या भोकातून पंप पाण्याची धार बाहेर फेकत होता, तिच्याकडे त्याने हनुवटी केली.

"टेलर, तुमचा पंप फार बोलायला लागलाय."

"म्हातारा झालाय. बडबडणारच."

"थट्टा नको. पाणी कुठून येतंय?"

"शोधतोय."

मुकादम हाशहुश करत उकिडवा बसला, म्हणजे आता मनातलं बोलणार. "हे बघा. वाऱ्याचे महिने आले. बॅटरी बसली, पंप थांबला, तर झोपेतच खाली जाल. मिस्त्रीणबाई असत्या तर मी असा विचारायलाही आलो नसतो. पण आता तुम्ही एकटे. महिनाअखेरपर्यंत गळती सापडली तर उत्तम. नाहीतर क्रेन बोलावून बोट वर काढायची आणि मैदानात ठेवायची. माझा नाइलाज आहे."

मैदानात ठेवलेल्या बोटीत राहायला मनाई होती. म्हणजे टेलरने लेकीकडे जायचं. लेक बिचारी चांगली होती. तिने खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीपाशी शिलाई मशीन ठेवायची जागाही काढली होती. "बाबा, हट्ट पुरे आता," ती फोनवर म्हणाली. "थोडे दिवस या तरी." पण थोडे दिवस म्हणजे किती हे टेलरला पक्कं ठाऊक होतं. एकदा जमिनीवर गेलं की परत येणं नाही. मैदानात बोटीवर ताडपत्री पडेल, ताडपत्रीवर धूळ बसेल, मग कुणीतरी ती विकत घेईल आणि पहिल्याच दिवशी फ्रिज बसवायला ओट्याखालचं कपाट उखडून फेकून देईल. लेकीच्या घरी बायको भिंतीवरच्या फोटोत भेटली असती. इथे ती प्रत्येक स्क्रूत होती. ते सोडून जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येणं, आणि तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

म्हणून तो कामाला लागला. आयुष्यभर पान्ह्याला हात न लावलेला माणूस, पण जिद्दीने लागला. आधी इंजिनामागचा, बोटीबाहेर जाणारा पंख्याचा दांडा बघितला, कारण पाणी तिथेच साठत होतं. दांडा कोरडा ठणठणीत. मग सुकाणूचा खुंटा, मग संडासाची नळी, मग पुढच्या टोकाला नांगराची साखळी ठेवायचा खण. साखळी हाताने उपसून वर काढली तेव्हा कंबर अशी धरली की दोन दिवस तो वाकलेलाच फिरत होता. फळ्या निघाल्या, गाद्या वर गेल्या, घरात पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. स्वयंपाक करायचा म्हणजे आधी शेगडीवरचे पान्हे उचलायचे. अंडी उकडायची, उभ्याउभ्याच खायची आणि पुन्हा फळ्यांखाली डोकं घालायचं. मधूनमधून पंप घुर्र करायचा, आणि खरं सांगायचं तर तेवढाच आवाज घरात असायचा.

मग त्याला त्याच्या धंद्यातली युक्ती सुचली. त्याने पोट फडक्यांनी पुसून कोरडं केलं, कपड्यावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि बोटीच्या आतल्या बाजूने, जिथे जिथे पाणी उतरू शकतं तिथे तिथे, आडव्या रेघा मारल्या. ज्या बाजूने पाणी येईल तिथली रेघ पुसली जाईल. पँटींची मापं घेणारा माणूस, रेघा कशा सुरेख मारल्या होत्या! तासाभराने बॅटरी घेऊन बघतो तर सगळ्या रेघा जागच्या जागी, फक्त डाव्या बाजूची एक निळा ओघळ होऊन गेलेली. ओघळाच्या मागे मागे तो गुडघ्यांवर सरकत गेला. ओघळ ओट्याखालच्या कपाटाच्या पायाशी जाऊन पोचला.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? कपाट उघडील. टेलरने काय केलं, तर खडूला दोष दिला. खडू ओलसर असेल, आपला हात हलला असेल, बोट डावीकडे कलली असेल. तिच्या कामातून पाणी येणं शक्यच नाही. सूर्य एक वेळ चुकेल, मिस्त्रीणबाईंनी नळीवर आवळलेली क्लिप चुकणार नाही. त्याने ती रेघ पुसून टाकली आणि आणखी आठवडाभर उरलेली बोट उसवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण इथे कळसा काखेत आहे हे दिसत असूनही माणूस गावभर फिरत होता, म्हणून त्याला मूर्ख म्हणवत नाही.

महिना संपत आला. मुकादमाने जड आवाजात सांगितलं, "टेलर, क्रेन उद्या सकाळी येतेय. कपडे भरून ठेवा."

त्या दुपारी टेलर ओट्यासमोर बसला. त्याने एकेक ताटली खाचेतून काढली, एकेक कप घरातून काढला आणि पलंगावर, तिच्या बाजूला, चादरीत गुंडाळून ठेवला. भोकातून बॅटरी मारली तर नळीचा वरचा वळसा तेवढा दिसला. त्याने हाताला साबण लावला, अंगठा आत दुमडला आणि पंजा भोकात रेटला. अंगठ्याशीच अडकला, पूर्वीसारखाच. कातडी सोलली. बाहेर काढताना तो मोठ्याने म्हणाला, "तुझं माप गं, तुझं माप," आणि त्याला रडू आलं. मग त्याने तिची करवत घेतली.

फळीवर त्याने आधी खडूने रेघ मारली. पट्टी लावून मारली. मग पहिला ओढा घेतला. वॉर्निश केलेली फळी ती कधी अशी चिरू देणारी नव्हती. पाठच्या बाजूलाही तिने वॉर्निशचे हात दिले होते, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथेही. भुसा त्याच्या मांडीवर पडत राहिला. शेवटचा कोपरा सुटला तसा त्याने तुकडा जपून काढला, पुन्हा बसवता यावा म्हणून, आणि बॅटरी आत धरली.

कॉकच्या तोंडावर चढवलेली नळी दिसली. नळीवर आवळायची पोलादी क्लिप दिसली. पण ती क्लिप आवळलेली नव्हती. तिच्या पट्टीचं टोक मोकळं लोंबत होतं, स्क्रूवर फक्त बोटांनी दिलेले एक-दोन वेढे. आणि नळीभोवती चिंधी गुंडाळलेली होती. त्याच्याच शिवणाच्या टोपलीतली, चौकड्यांची चिंधी. वेड्यावाकड्या वेढ्यांनी, टोक कसंबसं आत खोचलेलं. पहिलीतल्या पोरानेही याहून बरं बांधलं असतं. आता कुजलेल्या त्या चिंधीतून बारीक धार निघत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती.

टेलरला आधी वाटलं, हे कुणा दुसऱ्याचं काम. मग त्याने बॅटरी खाली केली. नळीच्या खाली, बोटीच्या फासळीला टेकून, गंजाने तपकिरी झालेला बुटका स्क्रूड्रायव्हर पडला होता. मूठ मात्र पिवळीच होती.

हळूहळू एकेक टाका त्याच्यापुढे उसवत गेला. अर्धा डबा शिल्लक असताना तिने रंग आणायला का पाठवलं ते. पेटी उपडी करून का बसली होती ते. तिने नळी बदलायला गाल फळीला टेकवला असेल, हात खांद्यापर्यंत घातला असेल, स्क्रूत टोक बसवलं असेल, आणि मूठ फिरली नसेल. आयुष्यभर फिरत आलेली मूठ, बापाची मूठ, तिच्या बोटांत फिरली नसेल. मग ती निसटली. खाली पडल्याचा आवाज तिने ऐकला, चाचपून बघितलं, आणि बोटांना उचलता आलं नाही. तेव्हा तिने त्याच्या टोपलीतली चिंधी घेतली. आणि तो धक्क्यावर रंगवाल्याशी गप्पा छाटत उभा होता.

म्हणजे तिला माहीत होतं. किटलीच्या कितीतरी आधी माहीत होतं. पुढचे सगळे दिवस ती त्याच्यासमोर चहा पीत बसली, शिडाच्या शिवणीत चुका काढत बसली, वारा पडला की कुठल्या बेटाकडे जायचं याचे बेत करत बसली, आणि तिला माहीत होतं. रोज सकाळी पोट चाखताना ती काय चाखत होती? 'चालतंय' हा शब्द ज्या बाईने बोटीवर येऊ दिला नाही, तिने तो इथे अंधारात एकटीने गिळला होता. आणि वर त्याच्याशी भांडली होती, म्हणजे त्याने स्क्रूड्रायव्हर घरात शोधू नये, समुद्रातच शोधावा.

टेलरला संताप आला. असा संताप तिच्या जिवंतपणी त्याला कधी आला नव्हता. "एकदा सांगायचंस ना," तो त्या रिकाम्या कपाटात तोंड घालून म्हणाला. "हात चालत नाही म्हणून एकदा सांगायचंस. कपाट काय, बोट उभी चिरली असती मी. आज चिरलंच ना?" आवाज आत घुमला आणि परत आला. कितीतरी दिवस तो जो आधार धरून बसला होता तो एका चिंधीने गेला होता. कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं नव्हतं. एका माणसाला माहीत होतं, आणि ते त्याच्या शेजारी झोपत होतं.

रडून झाल्यावर त्याने काम केलं, कारण पाणी काही त्याच्या रडण्यासाठी थांबलं नव्हतं. कॉक बंद केला. आता हात सहज पोचत होता. चिंधी सोडली, नळी पुसली, पुन्हा तोंडावर सारखी बसवली, क्लिप जागेवर आणली. लाल मुठीचा लांबडा त्या अडचणीत बसेना. मग त्याने पिवळा उचलला, पँटीला पुसला आणि आवळलं. ती सांगायची तसं, पुरे वाटलं की आणखी अर्धा वेढा. कॉक उघडला, बोट फिरवलं. कोरडं. पोट पुसून काढलं, खडूची रेघ मारली आणि समोर बसून राहिला. रेघ हलली नाही. पंपही बोलला नाही. संध्याकाळ झाली तेव्हा घरात इतकं शांत होतं की त्याने उगाचच नळ सोडून एक कप विसळला.

सकाळी क्रेन आली आणि तिच्यापुढे मुकादम. टेलर बोटीच्या कठड्याशी उभा होता. कपडे भरलेले नव्हते.

"सापडली," तो म्हणाला. "ओट्यामागची नळी. क्लिप ढिली होती. आता कोरडं आहे, उतरून बघा हवं तर."

मुकादम उतरला, गुडघे टेकून पोटात हात घालून आला, आणि वर येऊन डोकं खाजवत राहिला. "मिस्त्रीणबाईंच्या कपाटामागची? त्यांच्या हातचं काम, आणि ढिलं?"

"तिचं नाही," टेलर म्हणाला. "माझं. मागच्या वर्षी मी मधे मधे केलं. आवळता येईना म्हणून चिंधी गुंडाळली. म्हटलं, चालतंय."

"चालतंय!" मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, त्यांना कळलं असतं तर कान उपटला असता तुमचा."

"उपटला असता."

मुकादम क्रेनवाल्याला हाका मारत निघाला. टेलरने खिशात हात घातला. पिवळी मूठ तिथेच होती. रात्री त्याने तो पेटीत, त्याच्या रिकाम्या जागी ठेवून बघितला होता आणि पुन्हा काढून घेतला होता. लेक कधीतरी येईल, पेटी उघडील. पिवळ्याचा किस्सा तिला तोंडपाठ. कुठे सापडला म्हणून विचारील, आणि तिच्यासमोर बापाला खोटं कधी साधलेलं नाही. मग तिचीही किटली जाईल. आईने मजेत काढलेले ते दिवस तिच्याकडूनही जातील. त्यापेक्षा बायको म्हणाली होती तेच खरं असलेलं बरं.

त्याने हात कठड्याबाहेर नेला. थोडा वेळ तसाच धरला, मग बोटं सोडली. खाली 'टुबुक' झालं, अगदी त्याला आठवत होतं तसं.

मुकादम वळला. "काय पडलं हो?"

"स्क्रूड्रायव्हर."

"पुन्हा?" मुकादम कमरेवर हात ठेवून हसायला लागला. "कमाल झाली टेलर तुमची. तुमच्या हातात काही म्हणजे काही टिकत नाही बघा."

"नाही टिकत," टेलर म्हणाला.